मागची चाकं दादाकडे, पुढची केरबाकडे

"त्येला सांगा, मागचा अॅक्सल अजून तीन सूत उजवीकडं हाय," केरबा मिस्त्री म्हणाला.

'तो' म्हणजे केरबाचा सख्खा थोरला भाऊ, दौलत. तो तिथून पंधरा पावलांवर, त्याच शेडमध्ये, कामाच्या खड्ड्यात उभा होता. मध्ये भिंत नव्हती, पडदा नव्हता. केरबा काय म्हणाला ते त्याला स्वच्छ ऐकू गेलं होतं, कारण त्यानं हातातला पाना खाली आपटला होता. तरीही मी पंधरा पावलं चालत गेलो, खड्ड्याच्या काठाशी वाकलो आणि म्हणालो, "दौलतराव, मागचा अॅक्सल अजून तीन सूत उजवीकडे आहे."

"कोण म्हणतंय?"

"केरबा."

"त्यास्नी सांगा, सुतळी धरायची तर हात थिर लागतोय."

मी पंधरा पावलं परत गेलो. "सुतळी धरायला हात स्थिर लागतो म्हणतात."

"ऐकलं मी," केरबा म्हणाला. "तीन सूत म्हंजे तीन सूत."

हे सकाळपासून चौथ्यांदा चाललं होतं आणि तक्रार करायला मला जागा नव्हती. शेडच्या बरोबर मध्यावर चुन्याची एक पांढरी रेघ होती. ती मारून घेणारा वकील मीच.

१९९१ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौगले बंधूंचं गॅरेज होतं. वडिलांनी बांधलेली लांबट शेड, पुढचं दार मोठ्या रस्त्यावर, मागचं बोळात. दौलत माझा पक्षकार. त्याच्या वतीनं मी वाटपाचा दावा लावला होता आणि निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' असा हुकूमही मिळवला होता. कोर्टाच्या कमिशनरनं टेप लावून रेघ मारली. मागचा, खड्ड्याचा भाग दौलतकडे, पुढचा, सपाट कोब्याचा भाग केरबाकडे. 'उभय पक्षकार, त्यांचे नोकर, हस्तक, गिऱ्हाईक अथवा कोणतेही अवजार' ही रेघ ओलांडणार नाही. हे वाक्य माझं. माझ्या सात वर्षांच्या वकिलीत मला त्याच्याइतकं आवडलेलं दुसरं वाक्य नव्हतं. मी स्वतः रेघ ओलांडून जा-ये करत होतो, ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे, वकील म्हणून. वकील यादीत नव्हता.

गाडी माझ्या सासऱ्यांची. सत्तर सालची अँबॅसिडर. सासरे गारगोटीचे गुळाचे व्यापारी. वीस वर्षं त्यांनी तिच्या डिकीतून ढेपा वाहिल्या आणि मग "जावईबापू, गाडी अजून घोड्यासारखी आहे," असं म्हणून ती मला दिली. घोड्यासारखी ती कधीकाळी असेल. माझ्याकडे आली तेव्हा ती खेकड्यासारखी होती. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, इतके बसले होते की कमानीच्या जागी पन्हळ झाली होती. अॅक्सल जागेवर धरून ठेवणारा बोल्ट तुटला होता, त्याचं भोक झिजून लांबोडकं झालं होतं आणि अख्खा अॅक्सल एका अंगाला सरकला होता. त्यामुळे गाडीचं तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. सरळ जायचं तर स्टेअरिंग वाकडं धरायचं. मागून येणाऱ्याला गाडीची मागची काच आणि उजव्या बाजूची दोन्ही दारं एकदम दिसत.

माझी त्याबद्दल काही हरकत नव्हती. माणसाला सवय होते. पण मंगळवारी कळंब्याच्या रस्त्याला समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या गाडीचं तोंड पाहिलं आणि ठरवलं की हा माणूस आपल्या अंगावर वळतोय. मी वळत नव्हतो. मी अगदी सरळ चाललो होतो. त्या बिचाऱ्यानं उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट शेतात उडी घेतली.

शेजारी माझी बायको वैजयंती बसलेली. तिला आठवा महिना होता आणि शनिवारी तिला बाळंतपणासाठी गारगोटीला पोचवायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी एसटीचे धक्के नकोत म्हणून बजावलं होतं. घरी येईपर्यंत तिनं दाराची मूठ सोडली नाही. उंबऱ्यात चपला काढताना म्हणाली, "मी एसटीनं जाईन."

"अगं, डॉक्टर..."

"बाळ एसटीत झालं तर चालेल. उसात नको."

बुधवार-गुरुवार मी चार गॅरेजं फिरलो. चौघांनीही गाडीखाली वाकून एकच निकाल दिला, "ह्याला पाटा दौलतदाचा आणि सूत केरबाचं. दुसऱ्याचं काम न्हाई." चौथ्यानं वर एवढं ऐकवलं, "आता रेघ तुमीच मारून घेतलीसा, तर निस्तरा तुमीच."

म्हणून शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी मागच्या दारानं दौलतकडे गेलो. आपल्या वकिलाचं काम म्हणून त्यानं मन लावून केलं. नवे पाटे चढवले, नवा बोल्ट घातला, अॅक्सल नजरेनं बसवून आवळला. "आता त्येच्याकडं न्या. त्यो सुतळी लावंल," म्हणाला.

पंधरा पावलांवर न्यायचं होतं. पण दौलतचं गिऱ्हाईक केरबाकडे रेघेवरून जाऊ शकत नाही. मी गाडी मागच्या दारानं बोळात काढली, पिठाच्या गिरणीवरून वळसा घेतला, मोठ्या रस्त्याला लागलो आणि पुढच्या दारानं केरबाकडे आलो. केरबानं चारी चाकांच्या अंगानं सुतळी ताणली, सुतळी आणि चाकांमधल्या फटी मोजल्या आणि अॅक्सल अर्धा इंच, म्हणजे चार सूत, डावीकडे निघाला. परत बोळ. दौलतनं हातोड्यानं सरकवला. परत गिरणी, परत रस्ता. आता तो उजवीकडे गेला होता. मोजणारा एकीकडे आणि ठोकणारा दुसरीकडे, मग दुसरं काय होणार? तिसऱ्या फेरीला गिरणीच्या पायरीवर डबा घेऊन बसलेल्या बाईनं मला हात केला.

"भाऊ, पत्ता गावंना व्हय?"

"गावलाय हो. दोन्हीकडचा गावलाय."

ती डबा छातीशी धरून आत सरकली.

तर असं ते 'तीन सूत उजवीकडं' चौथ्या फेरीचं होतं. बारा वाजून गेले होते. मी कोब्यावर उभा राहून रेघेकडे पाहिलं आणि तेव्हा प्रथमच शेडकडे नीट पाहिलं. दोघांच्या वडिलांनी खड्डा अशा बेतानं खणला होता की मागची चाकं खड्ड्यावर आली की पुढची बरोबर सपाट कोब्यावर येत. एकानं खालून ठोकायचं, दुसऱ्यानं पुढून सुतळी बघायची. एकाच वेळी. शेड या एका कामासाठीच बांधलेली होती आणि माझी रेघ तिच्या बरोबर कमरेतून गेली होती.

"केरबा," मी म्हणालो, "गाडी रेघेवर उभी करू या."

"हुकूम?"

"हुकुमात पक्षकार, नोकर, हस्तक, गिऱ्हाईक आणि अवजार एवढेच आहेत. गाडी नाही."

केरबानं थोडा विचार केला. "आणि सुतळी? ती अवजार न्हाई?"

"सुतळी ही वस्तू आहे."

"त्येला इचारा."

मी दौलतला विचारलं. तो म्हणाला, "वकील म्हणत असंल तर आमचं काय."

मी गाडी रस्त्यावर काढून फिरवली आणि उलटी घेत घेत मागची चाकं खड्ड्यावर आणली. डिकी दौलतच्या ताब्यात, बॉनेट केरबाच्या ताब्यात, आणि रेघ बरोबर माझ्या सीटखालून. दौलत खाली उतरला. केरबानं सुतळीचं टोक पुढच्या चाकाशी धरलं, मागचं टोक मी मागच्या चाकाशी धरून उकिडवा बसलो. तिथून मला दोघंही दिसत होते आणि दोघांनाही मी.

"त्येला सांगा, जरा डावीकडं ठोक."

"दौलतराव, जरा डावीकडे."

ठण्ण.

"लई झालं. अर्धं सूत माघारी."

"अर्धं सूत माघारी."

"त्यास्नी सांगा, हातोडा हाय ह्यो, सुईदोरा न्हाई."

"केरबा, तो हातोडा आहे, सुईदोरा नाही."

"त्येला सांगा, बा असता तर ह्याच हातोड्यानं..."

"केरबा, हे मी सांगणार नाही."

मग खड्ड्यातून आवाज आला. "त्यास्नी सांगा, मागं वजन पायजे. मोकळ्या गाडीचं माप धरून काय उपेग? माणसं बसली की पाटा दबतोय, अॅक्सल जाग्यावरनं हलतोय."

केरबानं मान डोलावली. भावाशी तो पहिल्यांदाच सहमत झाला होता, पण तेही त्यानं मलाच सांगितलं. "बरोबर हाय म्हणावं. वाळूची पोती ठेवा."

वाळूची दोन पोती भिंतीशी होती. दोघांच्या वडिलांच्या वेळेपासून ती याच कामाची. पण ती कमिशनरच्या यादीत होती, अनुक्रमांक एकेचाळीस आणि बेचाळीस, आणि यादीतली वस्तू जागची हलवायला मनाई होती. तेही वाक्य माझंच होतं.

"मग कोण बसणार?" मी विचारलं.

तेवढ्यात पुढच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून हर्डीकर मॅडम उतरल्या.

हर्डीकर मॅडम म्हणजे आमच्या दाव्याच्या न्यायाधीश. किरकोळ अंगाच्या, करड्या पातळातल्या, कधी न हसणाऱ्या. त्यांच्यामागे फाईल छातीशी धरून शिरस्तेदार. स्थळपाहणीची नोटीस त्यांनी सकाळीच माझ्या ऑफिसात पोचवली होती. मी तेव्हा गिरणीवरून वळत होतो. केरबाच्या वकिलांना ताप होता आणि ते येऊ शकत नसल्याचा त्यांचा कागद फाईलला लावलेला होता. मला ताप नव्हता. मी सुतळी धरून उकिडवा बसलो होतो.

मॅडमनी आधी रेघ पाहिली. मग रेघेवरची गाडी पाहिली. मग मला.

"ही गाडी कोणाची, देशिंगकर?"

"माझी, मॅडम."

"आणि आत्ता ती कोणाच्या ताब्यात आहे?"

"अर्धी अर्धी, मॅडम."

शिरस्तेदारांनी फाईल तोंडासमोर धरली.

"हुकूम काय होता?"

"हुकुमात 'गाडी' हा शब्द नाही, मॅडम."

"नाही खरा. वाक्य तुम्हीच रचलं होतंत. मी फक्त सही केली." त्या रेघेपर्यंत चालत आल्या आणि थांबल्या. बहुधा आपण पक्षकार, नोकर, हस्तक, गिऱ्हाईक यांपैकी कशात मोडतो याचा त्यांनीही विचार केला असावा. मग त्यांनी पातळ सावरून रेघ ओलांडली. "वादी कुठे आहेत?"

"गाडीखाली आहेत."

खड्ड्यातून दौलतचं डोकं वर आलं. कपाळाला ग्रीस, भुवईवर धूळ.

"दौलत चौगले, तुम्ही मागून घेतलेला हुकूम तुम्हीच मोडलात, हे कळतंय का तुम्हाला?"

दौलतनं मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातोडा खड्ड्याच्या काठावर ठेवला.

"मी हुकूम मागितलाच न्हवता, बाईसायेब."

मला वाटलं हा घाबरला. मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, माझ्या पक्षकाराला असं म्हणायचंय की..."

"बसा, देशिंगकर."

मी होतो तिथेच पुन्हा उकिडवा बसलो.

"ह्यो माज्यासंगं बोलायचा बंद झाला हुता," दौलत म्हणाला. नजर मॅडमवर, पण बोट केरबाकडे. "वरीस झालं. एका शेडमधी दोघं, आनि शब्द न्हाई. घरात बायका कावल्या. कुणीतरी म्हटलं, वकिलाकडं जा. मी सायबांस्नी म्हटलं, तुमी त्येला नुसता एक कागुद धाडा. काय बी लिवा. वकिलाचा कागुद बगून रागानं तरी दोन शब्द बोलंल, शिव्या तरी घालंल. मी एवढंच म्हटलं. सायेब म्हटले, कागदानं काय हुतंय दौलतराव, आपुन दावाच लावू. मग ह्ये सगळं झालं."

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मला त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून मी सुतळीकडे पाहिलं.

तो दिवस मला आठवत होता. दौलत टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो 'कागुद' म्हणाला तेव्हा मी टेबलावरचं पुस्तक उघडून कलम शोधत होतो. मी ऐकलं होतं. मला ते पुरेसं वाटलं नव्हतं, इतकंच.

"मग तोंडानं का न्हाई बोललास?"

हा केरबा. तो बॉनेटपाशी ताठ उभा होता आणि या खेपेला त्यानं 'त्येला सांगा' म्हटलं नव्हतं. मी सवयीनं दौलतकडे वळलो आणि तोंड उघडलं. मॅडमनी हात वर करून मला गप्प केलं.

"मी कशाला बोलू?" दौलत गरजला. "गिऱ्हाइकाम्होरं माजं काम वाकडं म्हटलास तू! चाळीस वर्सं पाटा बसवतोय मी!"

"वाकडं हुतं म्हणून वाकडं म्हटलं!"

"मला कडंला घेऊन सांगायचं हुतं!"

"कडंला घ्यायला तू खड्ड्यातनं वर कवा येतोस, दादा?"

"आता आलो न्हवं वर? बोल!"

"डावीकडं अर्धं सूत जादा हाय! ह्ये बोलतोय मी सकाळधरनं!"

"मग सुतळी नीट धर की! वकिलाच्या हातात दिलियास, त्यो बग, हात कसा हलतोय त्येचा!"

माझा हात हलत होता, हे खरंच होतं.

हर्डीकर मॅडम एकाकडून दुसऱ्याकडे पाहत शांत उभ्या होत्या. शिरस्तेदारांनी हळूच विचारलं, "मॅडम, नोंद काय करू?"

"थांबा," त्या म्हणाल्या. मग केरबाला विचारलं, "काम कशासाठी अडलंय?"

"मागच्या सीटवर वजन पायजे, बाईसायेब. दोन माणसांचं."

"ती पोती?"

"यादीत हायत ती. एकेचाळीस, बेचाळीस."

मॅडमनी पोत्यांकडे पाहिलं, यादी आठवली असावी, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी मागचं दार उघडलं. "शिरस्तेदार, बसा."

शिरस्तेदार बसले. गाडीनं जेमतेम दखल घेतली.

"आणखी एक पायजे," खड्ड्यातून दौलत.

मी सुतळी धरलेली. केरबानं सुतळी धरलेली. मॅडमनी पर्स शिरस्तेदारांच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि दुसऱ्या दारानं आत बसल्या. पाटे कुरकुरले, दबले आणि स्थिर झाले.

"आता?" काचेतून त्यांनी विचारलं.

"आता हलू नकासा," दौलत म्हणाला. "केरबा, बोल."

"उजवीकडं. हलकं."

ठण्ण.

"अजून एक. केसभर."

ठण्ण.

"बास! दादा, बास! आवळ."

मी दोन्ही बाजूंच्या फटी पाहिल्या. सारख्या होत्या. पंधरा मिनिटांत झालं. सकाळपासून चार फेऱ्यांत झालं नव्हतं. मग केरबानं पुढची चाकं सुतात आणली आणि दोघं मिळून शेवटचा बोल्ट आवळायला वाकले. तेवढ्यातही कोणत्या बाजूनं आवळायचा यावरून त्यांचं भांडण झालं. 'आता हला' म्हणायचं सगळेच विसरल्यामुळे तोपर्यंत एक दिवाणी न्यायाधीश आणि एक शिरस्तेदार माझ्या गाडीत न हलता बसून होते.

मॅडम उतरल्या तेव्हा त्यांच्या पातळाला गुळाचा डाग लागला होता. सीटच्या फटीत वीस वर्षांचा गूळ होता. त्यांनी तो रुमालानं पुसला आणि शिरस्तेदारांना सांगितलं, "लिहा. पाहणी केली. दोन्ही पक्षकार हजर. एकमेकांशी बोलत आहेत." जरा थांबून म्हणाल्या, "पुढचं देशिंगकर सांगतील मंगळवारी." माझ्याकडे न बघता त्या रिक्षात बसल्या.

मंगळवारी दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून कोर्टात आले आणि दावा काढून घेतला. मॅडमनी मला काही सुनावलं नाही. अर्ज वाचला, सही केली, पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. त्याआधी शनिवारी मी वैजयंतीला गारगोटीला पोचवलं. वाटेत दोन ट्रॅक्टर समोरून आले आणि आपापल्या बाजूनं निघून गेले. दुसरा गेल्यावर तिनं दाराची मूठ सोडली. मुलगी झाली. चौगल्यांच्या शेडमधलं भांडण पुढे वीस वर्षं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि तिथून काम करून घेतलेली गाडी सरळ चालायची.

पण त्या शुक्रवारची एक गोष्ट राहिली. मॅडम गेल्यावर दौलत माझ्या शेजारी बसला आणि आम्ही ट्रायलला निघालो. केरबा मागच्या चौकात उभा राहून गाडी कशी जाते ते बघणार होता. रस्ता मोकळा होता. मी स्टेअरिंगवरचे हात सैल सोडले, तरी गाडी नाकासमोर जात राहिली. मला ते विचित्र वाटलं. मी उगीचच ती थोडी वाकडी धरत होतो आणि दौलत मुकाट्यानं माझा हात सरळ करत होता.

रेल्वे फाटकापाशी मी गाडी थांबवली.

"दौलतराव, मी चुकीचं करतोय हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नंतर एवढ्या तारखा झाल्या. माझ्या ऑफिसात आलात, कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी उभे राहिलात. पुन्हा एकदा का नाही सांगितलंत?"

दौलत फाटकाकडे बघत होता. त्यानं टोपी काढून कपाळावरचं ग्रीस पुसलं. माझ्यावर त्याचा अजिबात राग नव्हता.

"सायेब," तो म्हणाला, "तुमी लई झ्याक बोलत हुतासा. मधी कसं बोलायचं?"